उंबरठ्याच्या अलीकडे

अड्याळ,
१४ डिसेंबर १९८१

प्रिय भोजराज,

तू ओव्हरसियर झालास तेव्हा बाबा म्हणाले होते, घरात एक तरी कामाचा निघाला. रोख माझ्या संस्कृतकडे होता. अपंग वर्षानिमित्त आपल्या किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंत तू बांधलेला रॅम्प खरोखर सुबक आहे. आमच्या शाळेची पोरं त्यावरून दिवसभर घसरतात; कोणाच्या तरी उपयोगी पडला.

आपली धुरपताताई मात्र अजून आत गेलेली नाही. आतल्या भिंतीवरचा संस्कृत लेख बाबांनी तिच्याकडून लहानपणीच पाठ करून घेतला. पाय गेलेल्या पोरीला दुसरं काय देणार होते? तेव्हापासून तिला एकच हवं आहे, त्या अक्षरांवरून एकदा बोट फिरवायचं.

उद्घाटनाला तिला चाकांच्या खुर्चीत बसवलं, हार घातला, फोटो काढला. खुर्ची ऐटीत वर गेली आणि वीतभर उंच दगडी उंबरठ्याला अडली. गाव म्हणालं होतं, "पूजेचा हाय, फोडू नका साहेब," आणि तू तो तसाच राखलास. चौघे उचलायला धावले. ताई म्हणाली, "मी का धानाचं पोतं आहो? सरका!" खाली उतरून ती नेहमीसारखी हातांवर सरकत निघाली आणि दम खायला उंबरठ्यावर टेकली. झालं! गर्दीतून शेजारच्या शकुंतलाबाई ओरडल्या, "अवो बाप्पा, उंबरठ्यावर कायले बसता? अपशकुन होते!" उंबरठा ओलांडावा, त्यावर बसू नये, हे खरं. जिला ओलांडताच येत नाही तिने काय करावं, हे एकाही स्मृतिकाराला सुचलेलं नाही, मी पाहिलं. आणि तू उद्घाटनाला आलेल्या तुझ्या वरच्या साहेबांकडे बघत हळूच म्हणालास, "ताई, लोकांपुढे कायले हे? घरी चाल." ती घरी आली. मागून गावाने उंबरठा गोमूत्राने धुतला. तुमची जीप तोवर शहापूरच्या पुढे गेली असेल.

दोन्ही अंगांनी उतरत्या फळ्या टाकल्या असत्या तर उंबरठाही राहिला असता आणि ताईही आत गेली असती. पण फळीला उद्घाटन कुठलं?

परवा तुझं पत्र आलं. रॅम्पशेजारी संगमरवरी पाटी बसवायची आहे, तिच्यावर करुणेबद्दल एक श्लोक हवा, खाली तुझं नाव. मी ते फाडणार होतो. ताईने हातातून काढून घेतलं. म्हणाली, "लिहून दे नं गा, तेवढंच आपल्या भोजाचं नाव होते." म्हणून आत्ता ती समोर बसली आहे, आणि मी श्लोकच लिहितो आहे असं समजून आवाजही करत नाही. श्लोक तुला मिळणार नाही. तिला मात्र, पाठवला म्हणून सांगेन.

तुझाच,
जागेश्वरदादा