गेटवरचं स्वागत

द्वारका, नवी दिल्ली
रविवार

तीर्थरूप बाबांना रसिकाचा नमस्कार,

फोन लागत नाही म्हणून काळजीत असाल. मी बरी आहे, नंबर तेवढा बंद केलाय, म्हणून हे पत्र. जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत?

माझा लेख छापून आला तेव्हा लोकांना अभिनंदन करता यावं म्हणून तुम्ही माझा फोटो, पत्ता, नंबर मंडळाच्या ग्रुपवर टाकलात. तिथून ते कुठे कुठे पोचलं. अनोळखी माणसं घाण घाण लिहितात. एकाने आमच्या सोसायटीच्या गेटचा फोटो पाठवला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पण ग्रुपवरचं तेवढं काढून टाका. आईला यातलं काही सांगू नका.

पोलिसांत तक्रार दिली आहे. मेट्रोपर्यंत माझी रूममेट रुचिरा सोबत येते.

लेखात मी एवढंच लिहिलं होतं, की गेटवरचं चेहरा ओळखणारं यंत्र आमच्या पोळ्या करणाऱ्या सुगनीला ओळखत नाही, वरच्या मजल्यावरच्या नायजेरियन मुलीलाही नाही. काळ्यासावळ्या बायकांनाच रोज गार्डपुढे उभं राहून आपण कोण ते सांगावं लागतं. हा अन्याय आहे, हे मी आजही म्हणेन.

मला मात्र ते लगेच ओळखतं. 'वेलकम, रसिका' असं मोठ्याने म्हणतं. काल ते म्हणालं, गेट उघडलं, आणि मी आत जायच्या आधी मागे वळून पाहिलं, माझं नाव कोणी ऐकलं का.

तुमची
रसिका