मनगटावरची पट्टी

क्लेबर्न, मिसिसिपी
७ नोव्हेंबर १९८३

चि. रॉस्को यास व्हर्नेलताईचे अ. उ. आ. या आठवड्यात तू त्यांच्या लायकीचा नाहीस, पण आईने लावलेली सवय मोडवत नाही.

काल पर्विसच्या सलूनमध्ये अर्धं गाव तुझा फुटबॉलचा सामना बघायला टीव्हीसमोर बसलं होतं. किक मारलेला चेंडू आभाळातून खाली येतोय, अकरा जण तुझ्यावर धावून येताहेत आणि तू मान वर करून उभा. नुसता हात वर करून हलवला असतास, तर नियमाने कुणी तुला बोट लावलं नसतं. पण नाही! त्यांनी तुला उचलून आपटलं आणि आपल्याच लोकांनी टाळ्या पिटल्या. तेच चार वेळा दाखवलं. तू उताणा पडून बूट झाडत होतास आणि पर्विस हातात दाढीचा फेस घेऊन म्हणत होता, पोरगा लोखंडाचा आहे. मला शिसारी आली. उठून चालती झाले.

एकतिशीला आलास. नऊ वर्षं पास झेललेस, किक परतवल्यास, पुष्कळ झालं. पुढच्या वेळी हात वर कर, एवढंच मागते.

चिडलेली, तरी तुझीच,
व्हर्नेल

१५ नोव्हेंबर १९८३

ती. ताईस रॉस्कोचा शि. सा. न.

तुझं पत्र दोन बैठकांत वाचलं. हल्ली अक्षरं हलतात. तुझं अक्षर शाळेपासूनच तसलं, तेव्हा काळजी नको.

हात वर करणाऱ्याला आमचा कोच सगळ्यांसमोर विचारतो, बाईसाहेब, पर्स आणू का? गेल्या महिन्यात एकाला त्याने खरोखरच पर्स दिली. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, आणि त्या हसण्याची मला अजून किळस येते.

डोक्याला मार बसला की डॉक्टर नाकाखाली अमोनियाची कुपी धरतो आणि विचारतो, गाव कोणतं, वार कोणता, समोरचा संघ कोणता. दर वेळी हेच तीन प्रश्न. म्हणून मी उत्तरं मनगटाच्या पट्टीवर लिहून ठेवतो. त्याला ती दिसते. तरी शाब्बास म्हणून पाठ थोपटतो. आपल्याकडे खेचर विकत घेतानासुद्धा दात तरी नीट बघतात!

पाच सामने उरलेत आणि दोघे जण माझ्या जागेवर टपलेत. एवढा हंगाम निभावू दे, मग तू म्हणशील तसं.

तुझ्या रागाचा आणि मक्याच्या पावाचा भुकेला,
रॉस्को

२१ नोव्हेंबर १९८३

चि. रॉस्कोस पोटभर आशीर्वाद.

काल तू हात वर केलास! चेंडू सुटला, त्यांच्या हाती गेला, तुम्ही हरलात. खुशाल हरा. लोकांनी तुझ्यावर बियरचे कप फेकले ते पाहून मला ओकारी आली. पर्विसने भिंतीवरचा तुझा फोटो उतरवला. परवापर्यंत लोखंडाचा होतास, आता म्हणे भित्रा. मी त्याला म्हटलं, तुझ्या डोक्यावर कधी कुणी आदळलं नाही, गुमान वस्तरा चालव.

खरं सांगू? घरी येऊन मासा तळला, रेडिओ लावला आणि एकटीच नाचले. जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलंस. आता एक चष्मा घे.

आज तुझ्यावर बेहद्द खूश,
व्हर्नेल

२९ नोव्हेंबर १९८३

ती. ताईस रॉस्कोचा नमस्कार.

नाचलीस हे वाचल्यावर सांगायला जीव होत नाही, पण मी तुझं ऐकलं नव्हतं. आभाळात दोन चेंडू होते. वरचा खरा समजून हात लांबवला, चाचपडत हलवला. तिथे काहीच नव्हतं. दुसरा छातीवर आदळून सुटला.

डॉक्टरने तेच तीन प्रश्न विचारले. मी मनगटाकडे पाहिलं. अक्षर माझंच होतं, पण वाचता येईना. या वेळी तो शाब्बास म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी कपाट रिकामं करायला गेलो, तर माझा चौऱ्याऐंशी नंबरचा शर्ट त्या दोघांतल्या एकाच्या अंगावर होता. कोच मान वर न करता सँडविच खात होता. घाण वाटली. पिशवी उचलून बाहेर पडलो.

एवढं लिहायला दोन दिवस लागले. शुक्रवारी संध्याकाळच्या बसने येतोय. पट्टीवर तुझं नाव लिहिलंय, आणि पर्विसच्या सलूनवरून डावीकडे, एवढं. तरी तू बस स्टँडवर ये. मी तुझ्या समोरून सरळ पुढे निघालो तर रागावू नकोस, हाक मार.

लोभ आता तूच लक्षात ठेव,
रॉस्को