आधी खाऊ घालायचं

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज पुन्हा बोलावणं. बटाटे काढत होते, हात कोपरापर्यंत मातीचे. सेयित आकेचा धाकटा मुलगा बांधावर आला आणि जमिनीकडे बघत उभा राहिला. काय ते समजलं. म्हातारा गेला, शहरातल्या इस्पितळात. आता घरी म्हातारीला कोण सांगणार? — मी! कुणी गेलं की गावाला पहिली मी आठवते. लग्नाच्या आमंत्रणाला मात्र शेवटची.

हात धुतले. डोक्याला काळा रुमाल बांधला नाही, तो बघून रस्त्यावरच बोभाटा होतो. रोजचा हिरवाच बांधला. तिकडे जाऊन नातवंडं शेजारी पाठवली, गाईची धार आधी काढून घेतली, म्हातारीला चहा-नान खाऊ घातलं. मग जवळ बसून सांगितलं, आके परत गेले. ‘मेले’ हा शब्द मी आजवर कुणाच्या घरात उच्चारलेला नाही.

कंबर गेली. बटाटे तसेच पडलेत.

१३ सप्टेंबर

तोंड दाखवायला जागा ठेवली नाही पोरीने!

मी काल त्या घरी होते तेव्हा आमच्या सुनेने, बेगिमायने, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून टाकलं — सेयित आके गेले, फार वाईट झालं, आणि खाली रडणारी तोंडं. आकेची मुलगी जिल्ह्याच्या बाजारात कापडाच्या दुकानात काम करते. तिला आणायला भाऊ गाडी घेऊन निघालेला, अजून वाटेतच. तिने बाप गेल्याचं फोनवर वाचलं, गिऱ्हाइकासमोर कापड मोजता मोजता. भाऊ पोचला तेव्हा ती दुकानात खाली बसलेली होती, आणि अनोळखी बाया तिच्या तोंडावर पाणी मारत होत्या.

आज तो भाऊ आमच्या अंगणात आला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, “आपा, तुमच्या घरातून कळलं तिला.” भांडला असता तर बरं झालं असतं.

सुनेला वाट्टेल ते बोलले. तोंडात तीळ भिजत नाही, राजधानीत वाढलीस म्हणून माणसं कळत नाहीत का, सगळं. ती चूल पुसत राहिली. मग म्हणाली, “मला कधी कुणी शिकवलंच नाही आपा. तुम्ही तरी कुठे सांगितलंत?”

उलटं बोलणं मात्र बरं येतं!

१५ सप्टेंबर, रविवार

डोक्यातून जात नाही. मला तरी कुणी शिकवलं होतं?

मी पोरगेलीच होते. वडील वरच्या कुरणात मेंढरांमागे गेलेले. एक पोरगा घोड्यावरून आला, खाली उतरलासुद्धा नाही. भिंतीवरूनच ओरडला, “तुमचा बाप दरीत पडून मेला!” आणि पुढे गेला, त्याला आणखी घरं करायची होती. मी तशीच उभी. माझी थोरली बहीण बुरुल एजे घरातून आली आणि माझ्या हातात नानचा तुकडा कोंबला. म्हणाली, “खा. आत्ताच खा. नंतर उतरणार नाही.” तिचाही बापच होता तो. पण तिने आधी मला खायला घातलं.

बस, एवढंच माझं शिक्षण. त्या पोराने जे केलं ते करायचं नाही, आणि एजेने जे केलं ते करायचं.

हे सुनेला कसं शिकवायचं?

१९ सप्टेंबर

निम्मे बटाटे आत आले. एजेचा फोन होता. दोन शब्द बोलते आणि थांबते, श्वास पुरत नाही. खिंडीपलीकडे भाच्याकडे आहे, औषधं चालू आहेत. म्हटलं, उद्याच येते. तर माझ्यावरच चिडली — “आधी बटाटे काढ. मी काय पळून चाललेय?”

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पलीकडच्या शायिराचा नवरा रशियात बांधकामावरून पडून गेला. आमचा मुलगा उलानही तिकडेच कामाला. सकाळी त्याला फोन लावला, आवाज ऐकला आणि ठेवला.

या वेळी बेगिमायला बरोबर नेलं. म्हटलं, फोन घरी ठेव, तोंड बंद ठेव, साईचं भांडं धर आणि बघ.

शायिरा तंदूरमध्ये नान लावत होती. मी तिला सगळे लावू दिले, भाजू दिले. बेगिमाय माझ्या शेजारी चुळबुळ करत होती. शायिराने गरम नान आमच्यापुढे ठेवले, मी तिलाही बसवलं, साय लावून दिली. ती खात होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. मग सांगितलं.

त्यानंतरचं लिहीत नाही.

परतताना बेगिमायने विचारलं, “आपा, तिला कळलं होतं ना? आपण फाटकात शिरलो तेव्हाच?”

म्हटलं, हो. मी दारात दिसले की सगळ्यांनाच कळतं.

“मग हे सगळं नाटक कशाला?”

मला राग आला, पण ओरडायचंही त्राण नव्हतं. म्हटलं, “कळलं तरी कुणीतरी सांगावं लागतं बाई. नाहीतर माणूस दाराकडे बघत बसतं, दिवसच्या दिवस.”

डोक्यात शिरलं की नाही, देव जाणे.

३० सप्टेंबर

पाऊस. काही नाही. झोपून होते.

३ ऑक्टोबर, गुरुवार

बटाटे संपले एकदाचे! सोमवारच्या गाडीत जागा सांगून ठेवली. एजेसाठी साईची बरणी, लोकरीचे मोजे. इतकी वर्षं लोकांच्या दारात गेले, पण तिच्या दारात पाय टाकायला मला बटाट्यांची परवानगी लागली. या वेळी आठ दिवस राहणार. कुणी मेलं तर मरो, दुसऱ्या कुणाला बोलवा!

सूनबाईंनी आज नानमध्ये मीठच घातलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. हिच्या हाती हे घर, हे गाव कसं सोपवायचं? उलान म्हणतो, शिकेल आपा. कधी? मी गेल्यावर?

६ ऑक्टोबर, रविवार

पिशवी भरली. एजेला फोन लावला, भाच्याने उचलला, म्हणाला झोपलीय. उद्या दुपारी तिच्याजवळ असेन.

७ ऑक्टोबर

उठले तर गाईची धार काढून झालेली. माझा फोन नेहमीच्या जागी, खिडकीत नव्हता. बेगिमाय म्हणाली, चार्जिंगला लावलाय. डोळे लाल, तोंड नुकतंच धुतलेलं. फाटकाबाहेर शायिरा आणि सेयित आकेची म्हातारी उभ्या होत्या. आत येत नव्हत्या, बोलावण्याची वाट बघत होत्या. त्यांचे रुमाल रोजचेच होते, रंगीत.

पोरीने माझ्यापुढे ताजा नान ठेवला, साय ठेवली. म्हणाली, “आधी खा, आपा.”

विचारलं असतं तर ती तिथल्या तिथे बोलून मोकळी झाली असती. मी विचारलं नाही. पूर्ण तुकडा खाल्ला. मीठ बरोबर होतं. तिने चहा दिला, तोही प्यायले. कप खाली ठेवल्यावर ती माझ्या पायाशी बसली, माझे दोन्ही हात धरले आणि हळू आवाजात सांगितलं,

“आपा, एजे परत गेल्या.”