झडप कोण उघडतं

९ जानेवारी
ओऊलू शहरातलं ते खुराडं सुटलं एकदाचं आणि कुह्मोजवळचं हे लाकडी घर आमचं झालं. नवरा, इल्का, सामान उतरवत होता, तोवर मी आतूला कडेवर घेऊन घरभर मिरवलं. सात महिन्यांच्या पोराला नवऱ्याइतकंच घरातलं कळतं म्हणा, पण बैठकीतल्या दगडी फायरप्लेसच्या काचेच्या दारांत स्वतःला बघून खुदकन हसला. मलाही ते धूड फार आवडलंय. लाकडं जाळायची, निखारे विझले की धुराड्याची झडप बंद करायची, मग तापलेला दगड सकाळपर्यंत घर ऊबदार ठेवतो. रेडिएटरवर वाढलेल्या बाईला सगळंच नवं.

१० जानेवारी
धुराडं साफ करणारा काउको येऊन गेला. माणूस फटकळ, पण कामाला चोख. काचेला बाजारातलं काही लावू नकोस, ओल्या वर्तमानपत्राला थोडी राख लावून पूस, आणि काच गार झाल्यावरच, म्हणाला. दाराच्या फटी बुजवणारी कडेची दोरी चाचपून पाहिली. मग झडपेच्या दांडीवर बोट आपटत दटावलं, की निखाऱ्यांवर निळी ज्योत दिसतेय तोवर हिला हात लावायचा नाही, लाल निखाराही काळा पडू द्यायचा. नाहीतर निखाऱ्यांचा विषारी वायू घरात कोंडतो, त्याला ना वास, ना धूर, माणूस निजतो तो उठतच नाही. शहरातल्या पोरींना एवढं कळलं तरी पुष्कळ, हेही वर ऐकवलं. मला कुणी अक्कल शिकवलेली खपत नाही, पण कॉफी पिता पिता माणसाशी भांडायचं कसं? दुसरा कप भरून दिला.

१३ जानेवारी
इल्का लाकूडतोडीच्या कामावर गेला, गाडीही तोच घेऊन गेला. आठवडाभरानं येईल. काच पुसून लख्ख केली. निखारे पार विझल्यावर झडप लावली. घर छान तापलं, आतूनं लोळून लोळून मोजे काढून फेकले.

१७ जानेवारी
बाहेर उणे अठ्ठावीस. आतूला खोकला झालाय. दुपारी निखारे लाल होते, पण सगळी ऊब धुराड्यातून वर चाललेली बघून जीव तुटत होता. लावली झडप. काउकोचं काय जातंय बोलायला? भांडी घासून आले तर झडप सताड उघडी, खोली गार. ती दांडी इतकी घट्ट की मला दोन्ही हात लावावे लागतात. माझ्याच हातून नीट लागली नसेल.

१८ जानेवारी
पुन्हा तेच. लवकर लावली, पुन्हा उघडी. आणि काचेवर, काजळीत, हाताचा पंजा उमटलेला. बाईचा, माझ्याहून बारीक. पुसायला गेले तर पुसेना, कारण तो आतल्या बाजूनं होता, विस्तवाच्या बाजूनं. मला भीती वाटतेय. इथे लिहिते, इल्काला सांगितलं तर हसेल.

१९ जानेवारी
शेजारची रायली दालचिनीचे पाव घेऊन आली. पंजाचं सांगितलं तर तिचा घास हातातच राहिला. म्हणाली, अगं, इथे हिल्मा राहायची. तिची दोन लहान पोरं अशाच कडाक्याच्या थंडीत, याच खोलीत दुपारी निजली आणि गेली. कशानं, ते बाईनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. पुढे चूल पेटवायची, पण घरात ऊब म्हणून धरू द्यायची नाही, कोट घालून गारठ्यात बसायची. रायली म्हणाली, लेकराला घे नि माझ्याकडे चल. मी नाही म्हटलं. खोकणाऱ्या पोराला या थंडीत बाहेर काढू?
आता सगळं कळलं. ती माझा आतू न्यायला आलीय. गारठवून मारणार त्याला.

२१ जानेवारी
उणे बत्तीस. खोकून खोकून आतूचा आवाज गेलाय.
झडप लावली. दांडी माझ्या डोळ्यांदेखत फिरली. पुन्हा लावली. पुन्हा फिरली.
इल्काच्या पेटीतली तार आणली, पक्कडीनं पीळ देऊन दांडी करकचून बांधली. निखारे लाल आहेत, निळंही लवलवतंय थोडं. असू दे. काचेपाशी जाऊन तिला सांगितलं, बाई, तुझी गेली, माझा देणार नाही.

अंधार पडला. घर मस्त तापलंय. खोकला थांबला. गाल कसे गुलाबी झालेत. किती दिवसांनी शांत निजलाय.
माझं डोकं ठणकतंय. उलटी होईलसं वाटतं.

दुधाची वेळ. आतू उठत नाही. हलवला, तरी—
काचेची दारं आतून हादरताहेत. दोन्ही पंजे. मी आतूला छातीशी धरलंय, पण पाय—

ती इकडे बघतच नाही. आतूकडे नाहीच. वर. वर हात घालतेय, झडपेला. ओरबाडतेय. रडतेय ती.

म्हणजे तिची पोरं— तिनंच झडप लवकर लावली—

तार. पक्कड कुठे ठेवली मी. आतू, ऊठ रे राजा. बोटांनी सुटत ना—