पिल्लांचा बाप

३ जून
राणीसाहेब व्याल्या! आमच्या सर्पोद्यानातली चापडा सापाची मादी. पिल्लू असल्यापासून काचेच्या पेटीत एकटी वाढलेली, नर कसला ते ठाऊक नाही — आणि ही व्याली! या जातीत अंड्याबिंड्यांची भानगड नाही, थेट पिल्लंच. जिवंत दोनच, बाकी नुसते पिवळे गोळे. पेटी लगेच बंद केली. पिल्लं करंगळीएवढी, पण विष पहिल्या दिवसापासून तयार.

४ जून
साहेबांचा पारा चढलाय. "नर शेजारच्या पेटीत. साफसफाई तुमचा भाऊ करतो. मग पिल्लं काय आभाळातून पडली?"
धाकट्याला विचारलं. "ताई, आईशप्पथ, मी दोघांना एकत्र सोडलं नाही." आईची शप्पथ तो लहानपणी बिस्किटांसाठीही घ्यायचा. माझ्या शब्दावर त्याला इथे चिकटवलाय. जेवण गेलं नाही.

५ जून
पिल्लं शेपटीचा पिवळा शेंडा अळीसारखा हलवतात. बेडूक भुलून जवळ आला की संपला! आई शेजारीच वेटोळं घालून बसलीय. लांब चिमटा आत घातला, तर तिने तोंड वळवलं ते माझ्या मनगटाकडे. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधल्या खळग्यांनी तिला ऊब कळते, अगदी काळोखातसुद्धा.

६ जून
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "उद्या कुणाला चावलं तर? मला असला माणूस नको. तुम्ही त्याची हमी घेता का?"
मी गप्प बसले.

७ जून
त्याला काढलं. डबासुद्धा इथेच राहिला त्याचा.

१६ जून
पिल्लांनी पहिली कात टाकली. आई उठून दुसऱ्या कोपऱ्यात गेली, तिचं काम संपलं. बाप ठरवायला पिल्लांच्या, तिच्या आणि नराच्या काती तपासणीला पाठवल्या. धाकटा मित्राकडे राहतो, माझा फोन घेत नाही. देवा, तो नरच बाप निघू दे, असं मनात येतं. काय बाई आहे मी!

९ जुलै
अहवाल आला. नराचा संबंध नाही. कुठल्याच नराचा नाही! पिल्लं एकट्या आईची. क्वचित असं होतं म्हणे. साहेब म्हणाले, "बोलवा त्याला परत."

१० जुलै
आज त्याने फोन घेतला. सगळं सांगितलं. मग म्हणाला, "जाऊ दे ताई. तू तरी माझ्या बाजूने बोलली असशील, मला माहीत होतं."
मी "हो" म्हणाले.