बॅटरी कोणी उतरवली

घमापूर, जबलपूर
१४ नोव्हेंबर १९७२

प्रिय बंडूभाऊजी,

तुमचं पत्र परवा आलं. अण्णांच्या वर्षश्राद्धाला येणार नाही, दादांनीच उरकून घ्यावं, असं लिहिलंत. ‘ज्याच्यामुळे वडील गेले त्यानं त्यांच्या पिंडाला हात कसा लावायचा’ हे तुमच्या दादांनी मोठ्यानं वाचलं आणि कागदाची घडी करून खिशात टाकली. आईंनी ऐकलं. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. मी आत जाऊन भाजी फोडणीला टाकली. अशा वेळी माणसाला काही तरी वाटायला हवं, पण मला काहीच वाटत नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात ना, तसं वर्षभर चालून राहिलं आहे.

इकडे थंडी लवकर पडली. दादांच्या डबल ड्यूट्या संपल्या, आता माणूस घरी जेवतो तरी. लढाईतले खिडक्यांवरचे काळे कागद मी दिवाळीत खरवडून काढले, काचांना खळीचे डाग अजून आहेत. गाडी पडवीत तशीच उभी आहे. विकायचं म्हटलं की आई विषय बदलतात. इटारसीला जेवता कुठं? हातानं करतो असं लिहू नका, तुमचा वरणभात मी खाल्ला आहे.

अण्णांची त्या गाडीवरून चाललेली बोलणी आठवतात. तीस वर्षं फॅक्टरीत बॅटऱ्यांच्या खोलीत काढलेला माणूस, एकेका सदऱ्याला ॲसिडची भोकं. रिटायर झाल्यावर हौसेनं जुनी अँबॅसिडर घेतली आणि तुम्ही तिला नटवायला घेतलंत. आधी रेडिओ, मग पुढे धुक्यातला पिवळा दिवा, मग दुसरा हॉर्न, मग तो समोरचा इवलासा पंखा. अण्णा म्हणायचे, ही गाडी आहे की लग्नाचा मांडव? बॅटरी एक आणि खाणारी तोंडं इतकी. थंडीत बॅटरीचा जोर निम्मा होतो, इंजिन बंद तर सगळं बंद ठेवायचं, हे ते जेवताना सांगायचे, पाहुण्यांसमोरही सांगायचे. मला गाडी चालवता येत नाही, पण हे पाठ होतं. मुद्दाम लिहून राहिले आहे. मला माहीत नव्हतं असं नाही.

लढाई सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की अण्णांच्या कानावर बातम्या पडू देऊ नका, त्यांच्या हृदयाला झेपणार नाही. आईंनी घरातला रेडिओ शेजारी गणपतरावांकडे नेऊन ठेवला. माझा श्याम तेव्हा पश्चिमेच्या सरहद्दीवर होता, बिघडलेल्या ट्रकांच्या दुरुस्तीवर. एकुलता भाऊ, तुमच्याच वयाचा. घरात त्याचं नाव कोणी काढत नव्हतं, माझ्या भल्यासाठीच. गणपतरावांकडे जाऊन ऐकावं तर तिथं दहा माणसं, आणि प्रत्येक बातमीला सगळे माझ्या तोंडाकडे बघणार.

बारा डिसेंबरची सकाळ तुम्हाला काय सांगायची. सहाच्या सुमाराला अण्णांच्या छातीत दुखू लागलं, दादा रात्रपाळीला. गाडी आहे म्हणून रिक्षा बघायचं कोणाला सुचलंच नाही. तुम्ही किल्ली फिरवली, गाडी एकदा कण्हली आणि मग तेही नाही. हँडल मारून मारून तुमच्या तळहाताची साल निघाली. शेवटी तुम्ही दारातून हात घालून स्टिअरिंग धरलंत, मागून गणपतराव, आणि ढकलत ढकलत उतारापर्यंत नेलीत. धुक्यात पुढचं दिसत नव्हतं. मी मागच्या सीटवर, अण्णांचं डोकं माझ्या मांडीवर. तेव्हा ते बोलले, “बंड्या, तुझ्या त्या खेळण्यांनी बॅटरी खाल्ली रे.” त्यानंतर ते बोलले नाहीत. गाडी उताराच्या टोकाशी सुरू झाली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

तेराव्यापर्यंत जो येई तो आधी गाडीकडे बघे आणि मग तुमच्याकडे. दादा रागाच्या भरात म्हणाले की आदल्या दिवशी गाडी पुसताना यानंच काही तरी चालू ठेवलं असेल. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. तुमची तुम्हालाच खात्री नव्हती. इतकं सरळ असू नये हो माणसानं.

भाऊजी, तुम्ही काहीच चालू ठेवलं नव्हतं. लढाईच्या दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी, तुम्ही अण्णांचे पाय चेपत बसलात की मी खुंटीवरची किल्ली घेऊन पडवीत जायची. बाहेर उजेड दिसू नये म्हणून ताडपत्री ओढून घ्यायची. गाडीत बसून रेडिओ लावायची, अगदी हळू, आणि आतल्या दिव्यात श्यामचा स्वेटर विणायची. दीड-दोन तास. असे आठ दिवस. पेट्रोल जपायचं म्हणून गाडी त्या दिवसांत एकदाही निघाली नव्हती. म्हणजे बॅटरीत भर काहीच पडली नाही, मी नुसती काढत गेले. शेवटच्या संध्याकाळी दिवा लालसर झाला होता. मी बघितलं होतं. उद्या तुम्हाला सांगीन म्हटलं. सकाळी अण्णा ते बोलले आणि माझं तोंड उघडलं नाही. मग पुढे रोजच उघडेना. तुम्ही पेटी घेऊन इटारसीला निघालात तेव्हा मी वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या, तेवढंच. श्याम धडधाकट परत आला. मार्चमध्ये भेटून गेला, मला त्याच्याशी धड बोलता आलं नाही.

आज सकाळी दादा कामावर गेल्यावर मी आईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, हाताला धरून बाहेर काढतील, माहेरी धाडतील. बरं झालं असतं. त्या उठल्या, कपाटातून कागद आणि पेन आणून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, “मला काहून सांगून राहिली? वर्षभर जो मरून राहिला त्याला लिही.” म्हणून लिहायला बसले. दादांना संध्याकाळी सांगणार आहे. त्याआधी हे पेटीत टाकते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. श्राद्ध तिथीप्रमाणे तीस नोव्हेंबरला येतं. अण्णांनी नाव तुमचं घेतलं, पण ते बोलणं माझ्या वाट्याचं होतं. ते मला देऊन टाका आणि या.

तुमचीच,
हेमलतावहिनी