सिगडी अंगणात

सेक्टर-५, भिलाई
ता. १८ डिसेंबर १९६१

ती. मथुराआक्कास,
चंपतचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची हाताला सवय आहे, पण या खेपेस ते खरं नाही. आईचा खोकला तुला ठाऊकच आहे. दसऱ्याला कॅम्प-१ मधली झोपडी सोडून प्लांटच्या क्वार्टरमध्ये आलो, तेव्हा वाटलं की पक्क्या भिंतीत तिला आराम पडेल. पण आता ती नळावरून स्वयंपाकघरात येताना मध्येच भिंत धरून थांबते. थंडी बाधली असेल म्हणून मी शहाणपणा केला. कोळशाची सिगडी पेटवून तिच्या खाटेजवळ ठेवली, दार-खिडकी लावली आणि फटींत पोतं कोंबलं. सकाळी पाहतो तर तिचे ओठ निळे पडलेले आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेली.

डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं की बाई विड्या किती ओढतात. आई अशी भडकली की धाप लागलेली असतानाही म्हणाली, तुमसरला शेटच्या विड्या वळण्यात जवानी गेली, पण एक विडी तोंडाला लावली नाही. मग त्यांनी चुलीचं विचारलं, आणि तिथे सगळं निघालं. ते म्हणाले की जन्मभराच्या धुराने छातीतल्या नळ्या अरुंद झाल्या आहेत. श्वास आत जातो, पण पुरता बाहेर पडत नाही, म्हणून नव्या श्वासाला जागाच उरत नाही. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते मात्र जपता येईल. रोज थोडं चालायचं, अंथरुणाला खिळून राहायचं नाही, आणि बशीतला चहा फुंकावा तसे ओठ करून श्वास हळूहळू सोडायचा. सगळ्यात आधी सिगडी घराबाहेर काढायची.

इथेच घोडं अडलं आहे. सिगडी बाहेर म्हटलं की आई तोंड फिरवते. ती म्हणते की रस्त्याच्या कामावर तीन दगड मांडून शिजवलं, गावातही आपली वस्ती गावाबाहेरच होती, येणारा-जाणारा आपल्या गंजात काय शिजतं ते डोकावून जायचा. आता पोराच्या नोकरीने छपराचं सैपाकघर भेटलं, तर मले पुन्हा उघड्यावर बसवू नोका, याच्यापेक्षा मेलेली बरी. रॉकेलच्या स्टोव्हवरचं जेवण तर तिच्या घशाखाली उतरत नाही. तूच काही लिही. तुझं ती ऐकते.

तुझा भाऊ,
चंपत


कामठी
ता. २७ डिसेंबर १९६१

ती. आईस,
मथुराचा सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र चंपतने मोठ्याने वाचून दाखवावं आणि त्याच्याबद्दलची वाक्यं गाळू नयेत. आई, तुझा लेक कोळशाच्या भट्टीवर काम करतो, म्हणून त्याने तुलाही भाजायला घातलं की काय? कोंबडी अंड्यावर बसवावी तसं तुला दारं-खिडक्या लावून कोंडलं. जीव आहे त्याचा तुझ्यावर, अक्कल मात्र मला मिळाली.

आता तुझ्याविषयी. तुझं दुःख मला कळत नाही असं समजू नकोस. त्या तीन दगडांजवळ फडक्याच्या झोळीत मीच निजलेली असायची. पण छपराखाली बसून तुला धाप लागत असेल, तर त्या छपराचं कौतुक कोणी करायचं? मला तू हवी आहेस. माझ्या शाळेतल्या पोरींना मी रोज सांगते की आईचं ऐका, आणि माझीच आई कोणाचं ऐकत नाही. रागावलीस तरी चालेल, पण सिगडी बाहेर काढ.

तुझ्या मायेची हक्कदार,
मथुरा


सेक्टर-५, भिलाई
ता. १९ फेब्रुवारी १९६२

ती. आक्कास,
चंपतचा जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आईने दोनदा वाचून घेतलं, हसली, आणि म्हणाली की मथुरी मोठी मास्तरीण झाली. ओठांचा चंबू करून श्वास सोडणं तिने मनावर घेतलं आहे. संध्याकाळी तुझ्या भावजयीचा, रुक्माचा हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत जाते, दम लागला की कोणाची तरी विचारपूस करायच्या निमित्ताने थांबते. स्वयंपाक आता रुक्मा करते, पण सिगडी आतच, आणि आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून.

मागच्या आठवड्यात सर्दीचं निमित्त झालं आणि पुन्हा दवाखाना. डॉक्टर म्हणाले की असा प्रत्येक झटका थोडी ताकद घेऊन जातो आणि परत देत नाही. सिगडीसाठी मी आईपुढे हात जोडले. ती म्हणाली की आता माझे कितीसे दिवस राहिले. आक्का, मला भीती वाटते. भांडायलाही धीर होत नाही.

चंपत


सेक्टर-५, भिलाई
ता. २३ मार्च १९६२

ती. मथुराआक्कांस,
रुक्माचा नमस्कारपूर्वक जयभीम. वि. वि.

हे डूटीवर गेले आहेत, म्हणून मीच लिहिते. अक्षराला हसू नये.

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी सिगडीपुढे भाकर थापत होते आणि मला खोकल्याची उबळ आली. आईंनी विचारलं की हे कधीपासून. मी म्हटलं, सिगडीपुढे बसायला लागले तेव्हापासून आहे, काही नाही, ठसका आहे. मग त्या म्हणाल्या की त्यांच्या सासूने विचारलं होतं तेव्हा त्यांनीही हेच सांगितलं होतं. मला पाचवा महिना आहे, हे तुम्हाला कळवायचं राहिलं होतं, तेही आज कळवते.

मी पाणी भरायला नळावर गेले होते. परत येते तो आईंनी सिगडीच्या कडीत चिमटा अडकवून ती उंबऱ्यापर्यंत ओढत आणलेली. तिथे बसून ओठ आवळून श्वास सोडत होत्या. मी धावले तर मला धुराजवळ येऊ दिलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा ओढली, पुन्हा बसल्या. सिगडी अंगणात गेली तेव्हा त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता. मी रडले.

दुपारी हे आले. रस्त्यावरून लोक जात होते, आई वाऱ्याकडे पाठ करून खाटेवर बसल्या होत्या आणि मी धूर टाळून भाजी हलवत होते. यांना त्यांचं जुनं दुःख ठाऊक, म्हणून मुकाट्याने पोतं आणलं आणि आडोसा बांधायला लागले. आईंनी ते सोडायला लावलं. म्हणाल्या की तेव्हा आपल्याले लोकांनी बाहेर बसवलं होतं, आज मी माह्या हातानं आली. आता कोणापासून लपवतोस?

दम अजून लागतो. तो जाणार नाही, असं डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. माझा ठसका कमी आहे. तुम्ही मे महिन्याच्या सुट्टीत यावं, आई वाट पाहत आहेत.

तुमची माया अशीच राहो,
रुक्मा